तीन योहान आणि एक आडनाव

हेमचंद्र बर्वे पुण्याहून सातासमुद्रापार स्कोफिल्ड्सला मुलाकडे आले ते तीन महिन्यांसाठी, आणि कोरोनाने त्यांना तिथंच बसवून ठेवलं. माणूस निवृत्त इंजिनिअर, हात स्वस्थ बसणार कसे? पुण्यात त्यांनी बर्व्यांचा कुलवृत्तांत छापून घेतला होता. समोर कुणीही आलं की "तुमचं मूळ गाव कोणतं?" हे विचारल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. ते त्यांनी कुंपणापलीकडच्या मर्ल वॉटसनबाईंनाही विचारलं.

बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांनी सगळंच सांगून टाकलं. त्यांचे आजोबा जर्मन. पहिल्या महायुद्धात जर्मन आडनाव म्हणजे गळ्यातली धोंड, म्हणून त्यांनी ते टाकून वॉटसन घेतलं आणि जुनं नाव घरात उच्चारायचीही बंदी केली. आता बाईंचा भाऊ रॉय ॲडलेडजवळच्या वृद्धाश्रमात अखेरचे दिवस मोजत होता. कोरोनामुळे राज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे बहिणीला जाता येईना. त्याची एकच इच्छा होती : आपल्या थडग्यावर खरं आडनाव कोरलं जावं. आणि ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याकडून ऐकलेली तीन नावं तेवढी बाईंच्या लक्षात होती. योहान ट्राउगॉट हे आजोबा, आणि त्यांच्याबरोबर जहाजातून आलेले योहान ऑगस्ट आणि योहान गॉटहिल्फ.

"अहो, मग काम सोपं झालं!" हेमचंद्र उसळून म्हणाले. "नो वरीज, मर्लबाई!"

त्यांच्या हिशेबी मधलं नाव बापाचं. हेमचंद्र महादेव, तसं योहान ट्राउगॉट. म्हणजे तिघांचे बाप तीन, हे चुलतभाऊ असणार. मग काय, मुलाचा लॅपटॉप ताब्यात घेऊन त्यांनी ट्राउगॉट नावाचा बाप शोधायला सुरुवात केली. पंधरवडा गेला. योहान पैशाला पासरी मिळाले, त्यांचा बाप ट्राउगॉट मात्र कुठेच नाही.

"जेवून घ्या आधी," त्यांच्या पत्नी पद्माताई म्हणाल्या. "म्हणे काम सोपं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

शेवटी हेमचंद्रांनी मास्क चढवला आणि कुंपणाशी जाऊन आपलं गणित बाईंपुढे मांडलं. तीन चुलतभाऊ, तीन बाप. बाई इतक्या हसल्या की त्यांना कुंपणाचा आधार घ्यावा लागला.

"बापाचं नाव? ते कशाला मधे घालायचं? हेम, आमच्यात जवळजवळ प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा योहान नावानेच व्हायचा. आईने अंगणात 'योहान' म्हणून हाक मारली तर सगळेच धावत येतील, म्हणून हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. आत्या हेच सांगून हसायची."

"म्हणजे हे तिघे सख्खे भाऊ? एका घरातले? मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला विचारलंस कुठे, मेट?" बाई दोस्ताला म्हणावं तशा म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हेमचंद्रांनी कपाळावर हात मारला आणि ते चप्पल न काढता घरात धावले. ओरडा बसेल याचीसुद्धा शुद्ध नव्हती. आता ट्राउगॉट, ऑगस्ट आणि गॉटहिल्फ हे तिघे एकाच कुटुंबात हवे होते. जुन्या जहाजांच्या प्रवासी-याद्यांत असं एकच घर सापडलं : आई, बाप, तीन मुलगे आणि एक मुलगी. पुन्हा कुंपण गाठून त्यांनी जेमतेम विचारलं,

"मर्लबाई, अर्नेस्टीना कोण?"

बाईंचा हात तोंडावर गेला. "आमची आत्या! पण ती तर इथेच जन्मली."

"मग तिचं नाव तिच्या आत्यावरून, जहाजातल्या या मुलीवरून, ठेवलं असणार. हे तुमचंच घर! आडनाव झायडेल!"

बाईंनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. परिचारिकेने फोन रॉयच्या कानाशी धरला. "रॉय, सापडलं. झायडेल. आपण झायडेल आहोत." पलीकडून खोल गेलेला, पण स्वच्छ आवाज आला, "शोधलं कुणी?"

"शेजारी. हेम. इथे उभाच आहे."

"दे त्याला."

हेमचंद्रांनी कुंपणावरून फोन घेतला. "हॅलो सर..."

"गुड डे, मेट," आवाज म्हणाला. "रॉय झायडेल बोलतोय."