बाकी एक हजार नऊ

टेलरबाईंना सगळी गल्ली दोन गोष्टींसाठी ओळखायची. त्यांनी शिवलेल्या बाहीला कधी चुणी पडत नसे, आणि त्यांचा तोंडी भागाकार कधी चुकत नसे. आई गेली तेव्हा त्या सातवीत होत्या. धाकट्या भावाला वाढवायचं म्हणून शाळा सुटली, गणित मात्र सुटलं नाही. भाऊ पुढे घड्याळजी झाला आणि शेजारच्याच गाळ्यात बसू लागला. काम नसलं की शेंगा फोडाव्यात तसे दोघं भावंडं आकडे फोडत बसायची.

ताईच्या शिलाई मशीनवर एक आकडा कोरलेला होता: १,००,६२,७५७. एका उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा तिनं ठरवलं, ही मूळ संख्या आहे का, याचा छडा लावायचा. अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तीननं भाग जात नव्हता. सातनं भागलं तर बाकी पाच. ३१७२ च्या आतल्या मूळ संख्यांनी तपासलं की पुरे, हे तिला ठाऊक होतं. तरी त्या ४४९ भरल्या. हजाराच्या आतल्या तिनं भावाला दिल्या.

"तू घाई करतोस," ती म्हणाली. "मोठ्या माझ्याकडे राहू देत."

दोन महिन्यांनी तिनं जाहीर केलं, कशानंच भाग जात नाही. भावानं तिचे कागद सहज चाळले. पहिलीच ओळ १००९ ची. भागाकार ९९७२, बाकी १००९.

तो थबकला. बाकी भाजकाएवढी उरली तर भाग आणखी एकदा जातो, हे तिनंच त्याला पाटीवर शिकवलं होतं. म्हणजे आकडा फुटत होता. पण त्याला आठवला तो गेल्या आठवड्यातला झगा. त्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या होत्या, आणि ताईनं ते हसण्यावारी नेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, आता वाढतच जाणार. सुई लागेल या भीतीनं भावानं मशीनचा पट्टा काढून ठेवला. कागद मात्र तिच्या हाताशी राहू दिले.

एका दुपारी ती तेच बघत बसली होती. कपाळाला आठी पडली.

"हे कुणी केलंय? बाकी भाजकाएवढी कशी राहील?"

भाऊ म्हणाला, "मी केलं, ताई."

"लक्ष कुठं असतं तुझं? आण ती पेन्सिल."

तिनं ९९७२ खोडून ९९७३ लिहिलं, बाकीच्या जागी पूज्य मांडलं आणि त्याला चांगलं झाडलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. असं रागावणारं माणूस आता फार दिवस राहणार नाही, हे त्याला कळत होतं. तिनं थांबू नये, असंच त्याला वाटत होतं.

थंडी पडेपर्यंत तिला अंक ओळखू येईनात. मग भाऊही. शेवटचे चार महिने ती त्याला "अहो घड्याळवाले" म्हणायची. त्यानं भरवून तोंड पुसलं की विचारायची, उशीर झाला, घरी कुणी वाट बघत असेल ना.

"बहीण आहे," तो म्हणायचा, आणि तिथंच बसून राहायचा.