कानवाले साहेब

फरीदाबादच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मेश्राम सरांना सगळे ‘कानवाले साहब’ म्हणत. चालू पंपाच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी मालक जरी आला तरी त्याने थांबायचं. मग सर सांगत, “ग्रीस जास्त झालंय.” उघडून पाहिलं की तसंच निघे.

मी त्यांचा असिस्टंट. मराठी बोलायला मिळावं म्हणून तुला मागून घेतलं, असं ते म्हणत. खरं तर बायकोने दिलेल्या माझ्या डब्यावर त्यांचा डोळा असे.

मग कंपनीने आमचं डिझाइन आणि टेस्टिंग व्हिएतनामला हलवायचं ठरवलं. शिकून घ्यायला तिकडून लिन नावाची तरुण इंजिनिअर आली. ती परत गेली की आमच्या नोकऱ्या जाणार, हे उघड होतं. मी सरांना म्हटलं, “ड्रॉइंग द्या, रिपोर्ट द्या. कानाचं तेवढं हातचं राखा.”

सर हसले. “अरे यार, हे काम परदेशातून आपल्याकडे आलं, तेव्हा तिथला साहेबही हातचं राखूनच शिकवून गेला. त्याने गाळलेलं शोधण्यात माझी चार वर्षं गेली. या पोरीची कशाला घालवू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चांगला आणि एक बिघडलेला पंप शेजारी शेजारी लावला. स्क्रूड्रायव्हर आधी माझ्यापुढे धरला. “चल, दोघं मिळून ऐका.” रिपोर्ट लिहायचाय, असं सांगून मी रागाने निघून आलो. लिन रोज ऐकत राहिली. ती निघाली तेव्हा सरांनी तो स्क्रूड्रायव्हरच तिला दिला आणि हँडबॅगेत ठेवू नको, एअरपोर्टवर काढून घेतील, असं तीनतीनदा बजावलं.

सर वारले, त्याला वर्ष होत आलं. मला त्यांची फार आठवण येते.

परवा गुरुग्रामला, माझ्या नव्या नोकरीत, एक पंप कुरकुरायला लागला. कुणालाच काही कळेना. शेवटी मी लिनला फोन लावून तो आवाज ऐकवला.

“फोनवरून नाही कळायचं. स्क्रूड्रायव्हर लावून काय ऐकू येतं ते सांग.”

“मला ते येत नाही.”

“सरांजवळ एवढी वर्षं होतास ना?”

“होतो. त्यांनी शिकवायला घेतलं, तेव्हा मीच उठून गेलो.”

ती म्हणाली, “मग आता लाव. मी थांबते.”

मी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.