शकुचा अबोला आणि वर्षाचा मसाला

"आये, तुमच्या धाकल्या सुनेच्या हाताक चव नाय. तिका मसाल्यापासून लांब ठेवा."

मालन सासूच्या कानाला लागली होती, आणि लग्नाला चारच महिने झालेली शकु पाण्याची कळशी घेऊन दाराबाहेर उभी. तिने सगळं ऐकलं. कळशी आत नेऊन ठेवली आणि थोरल्या जावेशी बोलणं जे थांबवलं, ते कायमचं.

मरोळच्या चाळीत दोघींच्या खोल्या समोरासमोर. भांडायची तऱ्हा जिची तिची. मालन गॅलरीत उभी राहून भांडायची, तीन मजल्यांना जेवता जेवता ऐकू जायचं. तिचा नवरा जयवंत पायात चपला सरकवून "जरा जाऊन येतो" म्हणायचा. कुठे, ते त्यालाही ठाऊक नसायचं. शकु नुसती गप्प. आपलं गप्प बसणं मालनला जास्त झोंबतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

पुढे सासू गेली, शकुचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. त्या घराशी नातं उरलं ते एवढंच, की वर्षाचा मसाला दोघींत एक. सासूनेच तसं लावून दिलेलं: मिरच्या वाळवायच्या मालनने, गिरणीतून कुटून आणायच्या शकुने. गणपतीत काळ्या वाटाण्याचं सांबारं त्याच मसाल्याचं, म्हणून मालनकडे शकुचंही पान मांडलं जाई. मसाला वेगळा झाला की ती नुसती शेजारीण.

गेल्या साली मालनच्या लेकीचा, दीप्तीचा, साखरपुडा निघाला. त्या गडबडीत मालनने मिरच्या गच्चीवरून एक दिवस आधीच उतरवल्या आणि पिशवी शकुच्या दारात आपटली. शकुने एक मिरची मोडून पाहिली. मोडली नाही, वाकली. दमट होती. दोन शब्द बोलली असती तर भागलं असतं. पण वाळवणं हिचं काम, मी का तोंड उघडू? गेली तशीच गिरणीत.

श्रावणात दोन्ही घरच्या बरण्यांना बुरशी लागली.

"मुद्दाम केल्यान हिना!" गॅलरी दणाणली. "मिरची दमट हा ता हाताक कळूक नाय? कळला होता हिका!"

इतक्या वर्षांत मालन पहिल्यांदाच खरं बोलली होती.

"काकी, एकदा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" दीप्ती म्हणाली.

शकु तांदूळ निवडत राहिली.

"फुडच्या वर्षापासून मसालो वेगळो," मालनने जाहीर केलं. "आणि गणपतीत पण आपापला जेवा." जयवंत चपला शोधत होता.

यंदाच्या मे महिन्यात शकुने पाच किलो मिरच्या आणल्या. एकट्या बाईला पाच किलो! देठं खुडली, चार दिवस गच्चीवर राखणीला बसली. जिने चढताना छातीत कळ यायची, ती कुणाला सांगितली नाही. पुढे गणपतीपर्यंत ती जगली नाही; गिरणीची ही खेप तिची शेवटची ठरली. पण तेव्हा तिने नेहमीसारखा नंबर लावला, मसाला कुटून आणला, निम्मा डब्यात भरला आणि मालनच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

"उचल ता! तुझी भीक नको माका!"

शकुने दाराची कडी दोनदा वाजवली, दर वर्षी वाजवायची तशी, आणि वळून आपल्या खोलीत गेली.