आंब्याची गोडी छाटणी

नाशिकरोडला आमचं घर बांधून झालं तेव्हा पुढच्या बाजूला दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी मातीची पट्टी उरली. सत्त्याहत्तर साल असावं. त्या पट्टीत काय लावायचं यावर आमच्या घरात जेवढा वाद झाला तेवढा घराच्या नकाशावरही झाला नव्हता. यांना गुलाब हवे होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी, तिथे साहेबांच्या बंगल्यांपुढे गुलाबाचे ताटवे, ते रोज बघून यांना वाटायला लागलं होतं की घर म्हटलं की गुलाब आलाच. मला कण्हेर आणि बोगनवेल चालणार होती. ती मला फार आवडत होती असं नाही. पण ती पाणी मागत नाहीत, फवारा मागत नाहीत, दोन दिवस विसरलं तरी रुसत नाहीत. मी शाळेत शिकवत होते. साठ पोरांचा वर्ग आवरून घरी आल्यावर आणखी कुणाचं करायची माझी इच्छाच उरत नसे, मग ते झाड का असेना.

सासूबाईंना आंबा हवा होता. मी त्यांना आत्या म्हणायचे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत त्यांनी वीस वर्षं मजुरी केली होती. आमच्यात कुणाच्या नावावर बोटभर जमीन कधी नव्हती. त्या म्हणाल्या, "जलमभर लोकाची फळं तोडली. एक मणी तोंडात टाकायचा तरी मुकादमाकडं बघाया लागायचं. आता आपल्या दारचं फळ कुणाला न इचारता तोडायचं हाय मला."

झालं, वाद मिटला. गुलाब दोन कोपऱ्यांत गेले, कण्हेर कुंपणाला गेली, मधली जागा आंब्याला मिळाली. बोगनवेल लावायची राहिलीच.

नर्सरीवाल्याने जागेचं माप ऐकलं आणि मान हलवली. म्हणाला, "एवढ्यात आंबा नको बाई, लिंबू न्या, डाळिंब न्या." आत्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पायरी आंब्याचं एक कलम उचललं आणि म्हणाल्या, "मी हाय ना छाटायला."

कलम त्यांनी आपल्या हाताने लावलं. पाणी मात्र मी घालायचं ठरलं. कुणी ठरवलं हे मला आजही सांगता येणार नाही. अंगणात नळ नव्हता. मागच्या मोरीतून भरलेल्या बादल्या सगळं घर ओलांडून पुढे आणायच्या, वाटेत सांडलेलं पुसायचं, मग डबे भरायचे, मग शाळा. यांचे गुलाब दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. यांची कामाची पाळी नेमकी पाणी यायच्या वेळेला असायची.

आंबा जगला. दर ऑक्टोबरात आत्या कात्री काढायच्या. आमच्या भागात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की वेलीला घड येतात, बाग गोड होते. आत्या त्या कामात तरबेज होत्या, मुकादम अवघड वेली त्यांच्याकडे द्यायचा असं त्या सांगायच्या. तर त्या आंब्याचीही गोडी छाटणी करायच्या. एकेक शेंडा बघून, फुटीचा डोळा धरून, तिरका काप. काम इतकं देखणं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे.

झाड छत्रीसारखं गोल दिसायचं. मोहर मात्र येत नव्हता. तिसरं वर्ष गेलं, चौथं गेलं, पाचवं गेलं. शेजारणी विचारायच्या, "काय हो आजी, यंदा तरी?" आत्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "हिला हातगुणच नाय. पानी घालती, पन मनापासून नाय घालत."

हे चारचौघींत. मला तोंडावर मारल्यासारखं व्हायचं, कारण ते खोटं नव्हतं. मी मनापासून पाणी घालत नव्हतेच. मी बादली ओतायची आणि मनात म्हणायची, वाळलास तरी चालेल, निदान एक काम सुटेल. पण घालत होते ना? एक दिवस चुकवला नव्हता. ताप असताना घातलं, बाळंतपणाहून आल्यावर घातलं. आणि नाव काय, तर हातगुण नाही.

सातव्या वर्षी, गणपतीनंतर, मी एकटीच नर्सरीत गेले. खरं तर भांडायलाच गेले होते की तुम्ही वांझ कलम दिलंत. त्याने शांतपणे विचारलं, "छाटता का?"

"दर ऑक्टोबरला."

त्याने कपाळावर हात मारला. "बाई, आंबा काय द्राक्ष आहे? मोहर शेंड्याला येतो. तुम्ही ऐन वेळेला शेंडेच उडवता. मग तो येणार कुठून?"

घरी येताना मला आधी आनंद झाला. चांगला, दुष्ट आनंद. शेजारणींना बोलावून सांगायचं मी रिक्षातच ठरवलं. घरी पोचले तर आत्या ओट्यावर बसून कात्रीला चाचपडत तेल लावत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "औंदा मला दिसायचं नाय. तूच छाट, मी सांगन तसं."

वीस वर्षांच्या मजुरीत त्यांनी कमावलेलं ते छाटणीचं कसब तेवढंच होतं. माझ्याच्याने सांगवलं नाही.

छाटणीच्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या. "खालून चौथा डोळा धर. तिरकी मार." मी कात्री फांदीशेजारी न्यायची आणि हवेत वाजवायची. तासभर मी हवा कापली. हात भरून आले. शेवटी त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्या खुर्चीवरून उठल्या.

पौषात झाड मोहरलं. वासानेच त्यांना कळलं. शेजारणी आल्या, म्हणाल्या, "आजी, लागली की तुमची छाटणी!" आत्या नुसत्या हसल्या. मी आत पोळ्या लाटत होते. वाटलं, हेही श्रेय गेलं. राग यायलाही अंगात बळ नव्हतं.

मे महिन्यात पहिला पाड लागला. सगळे मिळून अकरा आंबे होते. मी त्यांचा हात धरून फळापाशी नेला. त्यांनी ते तोडलं, देठ पुसला, आणि तिथेच पायरीवर बसून खायला लागल्या. मी विचारलं, "गोड आहे का?"

"त्या दिशी कात्री नुसतीच वाजवली ना तू?" त्या म्हणाल्या.

मी पायरीवर पडलेली पानं गोळा करायला लागले.

"इतकी वर्सं छाटलंय मी. काडी पडल्याबिगर कात्री वाजली तर कळत नाय व्हय मला?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू तरी कुठं बोलली?" त्यांच्या मनगटावरून रस ओघळत होता. "मला वाटलं, कंटाळली असंल, नसंल करायचं तिला. मोहर आला तवा उमगलं. इतकी वर्सं मोहराचे शेंडे मीच कापत व्हते. आन् बोल लावत व्हते तुला."

मला एकदम रडू फुटलं. भर सकाळी, अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मी हुंदके देत होते. त्यांनी मला गप्प केलं नाही. सरकून पायरीवर मला जागा केली आणि कोय चोखत बसल्या.