घोयऱ्यासाठी भरलेली वाटी

बायकोने सांभाळलेल्या घोयऱ्याला मी तहानलेलं ठेवलं आणि वर तिच्याशी खोटं बोललो. यातलं दुसरं मला अजून जास्त टोचतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं कुरखेड्याला राहायचो. रंग बदलणाऱ्या सरड्याला आमच्याकडे घोयरा म्हणतात. त्याने फुंकर मारली की माणूस मरतो, असंही म्हणतात. म्हणून शेजारी कुंपणावरच्या एकाला काठीने मारायला निघाले, तर बायकोने त्याला फांदीसकट उचलून घरी आणलं. असा प्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पडवीत तेलाच्या डब्यात लावलेल्या गोडलिंबावर तो राहू लागला.

बाळंतीण बहिणीकडे चिमूरला निघताना तिने मला बजावलं, "जिवंत नाकतोडे द्या. सकाळचं ऊन लागू द्या, पन मंग डबा सावलीत सरकवा. अन् रोज पानावर पानी शिपडा. थो थेंब चाटते, वाटीतलं पेत नाई."

"लयच नखरे आहेत तुह्या घोयऱ्याचे."

"तुमाले तरी चहा हातातच लागते ना?"

धान कापून झालं होतं, मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस होते. गावोगावी रात्रभर नाटकं. मी मित्रांबरोबर आज या गावी, उद्या त्या गावी. उजाडता घरी येऊन जरा पडायचं आणि तसंच कामावर जायचं. नाकतोडे मी हौसेने पकडायचो, पण शिंपडायचा कंटाळा. डब्याजवळ पाण्याची वाटी ठेवून मोकळा झालो. संध्याकाळी बघावं तर वाटी भरलेलीच. मला वाटायचं, गडी समाधानी आहे.

ती परत आली तेव्हा नाकतोडा त्याच्या तोंडासमोर बसला होता आणि तो हलत नव्हता. एरवी गरगर फिरणारे डोळे खोल गेले होते.

"पानी शिपडत होते ना?"

"रोज," मी म्हणालो.

"मंग माह्यंच चुकलं. झाडावरचं जित्राब घरात कोंडलं. उद्या याले जंगलात सोडून देऊ."

सकाळी थंडीत ती त्याला फांदीवर घेऊन निघाली. फाटकाशी त्याचा पाय फांदीवरून सुटला. तिने त्याला तळहातावर सावरलं आणि तशीच पुढे चालू लागली. जंगलात तो दिवसभरही टिकला नसता. मी तिच्या आडवा आलो.

"थांब. मी शिपडलंच नाई. नाटकं पाहत फिरलो."

ती मागे वळली. त्याला गोडलिंबावर ठेवलं, ओंजळीतून पानांवर पाणी शिंपडलं. आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो. खूप वेळाने त्याने तोंड उघडलं, एक थेंब चाटला. मग दुसरा.

"अन् मले रातभर रडू देल्लं," ती त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली. "नाटक तरी चांगलं होतं का?"

"बरं होतं," मी म्हणालो. "चूक माही होती, तुही नाई. तुह्याशी खोटं बोललो. माफ कर मले."