नाम्बोझोचं दुखणं लेकीच्या पोटात

एम्बाले शहराच्या बाजारात नाम्बोझो शाळांचे गणवेश शिवायची. महिन्याचे चार दिवस तिचं मशीन बंद असायचं. कुणी विचारलंच तर सांगायची, "पट्टा तुटलाय." तेराव्या वर्षापासून पाळी आली की ओटीपोटात कुणीतरी सुरी फिरवतंय असं व्हायचं. "मूल झालं की थांबेल," आई म्हणाली होती. मूल झालं, खाइन्झा. दुखणं काही थांबलं नाही. दुसरं मूल होईना म्हणून नवरा तेवढा निघून गेला.

खाइन्झा पंधराची असताना एकदा शाळेतून निरोप आला: पोरगी वर्गात चक्कर येऊन पडली. नाम्बोझो धावतच गेली. लेक भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घट्ट धरून बसली होती. नाम्बोझो तिच्याशेजारी खाली टेकली. दुखायला लागलं की ती स्वतः अशीच बसायची.

"पोरीचं पाऊल घसरलं नाही ना गं?" बाजारात परतल्यावर शेजारची केळीवाली मुटोन्यी कुजबुजली.

"तोंड सांभाळ!" नाम्बोझो म्हणाली, पण मनात त्याहून वाईट शंका होती. गाठ असली तर? पोर हातची गेली तर?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं.

"हिच्यासारखं घरात आणखी कुणाला होतं?"



"आईला होतं," खाइन्झा म्हणाली. "मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात फडकं कोंबते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढतं. साधारण दहा बायकांत एकीला असतं. शाळकरी पोरींनाही."

"दहात एक? मग कुणी बोलत कसं नाही?"

"तुम्ही बोललात?"

नाम्बोझोनं लेकीचा हात धरला. "पोर मरणार नाही ना, बाई?"

"नाही. पण तुम्हालाही तपासायचंय."

नाम्बोझोच्या डाव्या बीजकोशावर मोठी गाठ निघाली. शस्त्रक्रियेच्या सकाळी ती इतकी थरथरत होती की नर्सला सुई टोचता येईना. "आई, मी दाराशीच आहे," खाइन्झा म्हणाली.

गाठ काढली, सोबत तो बीजकोशही काढावा लागला. खाइन्झाला गोळ्या लागू पडल्या. दुखतं, पण शाळा बुडत नाही. तरी महिन्याची तारीख जवळ आली की नाम्बोझो लेकीचा चेहरा न्याहाळत राहते. केळीवालीची धाकटी लेक दोन दिवस दिसली नाही, तेव्हा नाम्बोझोनं स्वतःच जाऊन मुटोन्यीला विचारलं, "पोट दुखतंय का गं तिचं?"