हिरवी टिक

तुझं काम नेमकं काय, असं कुणी विचारलं की तुंगा एका वाक्यात सांगायची, "फिजिओ माणसाला चालवतो, मी त्याला त्याचा शर्ट घालायला लावते." ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे काय हे नीट समजावत बसलं तर समोरच्याची कॉफी निवून जाते, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

तिचं घराणं पाच पिढ्या म्हैसूरचं. वडील गुरुराज घरात मराठीच बोलायचे, पण त्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. हीच भाषा घेऊन तुंगा शिकायला मुंबईला गेली आणि पहिल्याच वर्षी तापानं फणफणली. वसतिगृहातल्या मैत्रिणींना म्हणाली, "मला लई सुस्त होतंय." पोरी खो खो हसल्या. "मग आळस झटक की!" म्हैसूरच्या मराठीत सुस्त होणं म्हणजे अंगातलं त्राणच जाणं, गळून जाणं, कन्नडातून आलंय ते. तिकडे महाराष्ट्रात सुस्त म्हणजे आळशी. संध्याकाळी तुंगा न्हाणीघरात बेशुद्ध सापडली, तेव्हा कुठे पोरींचं हसणं थांबलं. हा शब्द आपण जन्मात विसरणार नाही, असं तिला वाटायचं.

नोकरीचं पहिलं वर्ष तिनं रडून काढलं. एका बाईच्या मनगटाला पट्टी घट्ट बसवली, कातडी सोलून निघाली, आणि विचारायला कुणी नव्हतं. म्हणून पुढे म्हैसूरच्याच विजयनगर भागातल्या एका पुनर्वसन केंद्रात बस्तान बसल्यावर तिनं हट्टानं एक पद्धत सुरू केली. कॉलेजातून नुकत्या बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलीला दोन पायऱ्या पुढे असलेली एक ताई. सर नको, मॅडम नको. दर गुरुवारी दुपारी कॉफी, आणि एक वही. आठवड्यात जे अडलं ते मुलीनं न लाजता वहीत लिहायचं, ताईनं वाचून बोलायचं. लाल शाईनं पोरी भेदरतात म्हणून तुंगा हिरवा पेन वापरायची. काम बरोबर चाललंय, पुढे जा, यासाठी एक हिरवी टिक.

पद्धतीचं कौतुक झालं. तुंगाला इतर ठिकाणी व्याख्यानांना बोलावू लागले. दोनाच्या सहा वह्या झाल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच हळूहळू साठतो, आणि दिव्याला मात्र पत्ता नसतो.

सहावी वही अवनीची. अवनी साताऱ्याची, म्हैसुरात येऊन चारच महिने झालेले, कन्नड मोडकंतोडकं. म्हणून केंद्रप्रमुख हयग्रीव सरांनी तिला मुद्दाम मराठी घरातला पेशंट दिला, रोज घरी जाऊन व्यायाम घ्यायला. शिवाजीराव, सरगूर गाडीचे निवृत्त बस कंडक्टर, उजवा हात पक्षाघातानं लुळा पडलेला. पोरगी हुशार. व्यायाम म्हटलं की हा माणूस कंटाळतो हे तिनं हेरलं आणि रद्दी कागदाच्या पट्ट्या आणून दिल्या. शिवाजीराव दारात उभे राहून लुळ्या बोटांनी तिकिटं फाडायचे, "सरगूर, सरगूर, मागं सरका री!" म्हणत. वीस तिकिटं झाली की हाशहुश करत बसायचे आणि अवनीला लाडानं पुट्टी, म्हणजे चिमणी पोर, अशी हाक मारायचे.

"पुट्टी, आज लई सुस्त होतंय गं."

"सुस्ती झटकायची आजोबा! अजून पाच!"

ते हसून अजून पाच फाडायचे.

एका गुरुवारी अवनीनं वहीत लिहिलं, "शिवाजीराव रोज 'सुस्त होतंय' म्हणतात. या आठवड्यात जास्तच. सुस्ती घालवायला तिकिटं वीसवरून चाळीस करू का?"

त्या गुरुवारी तुंगाला चार वाजता भाषणाला जायचं होतं. कॉफी उभ्यानंच झाली. सहा वह्या, सहा टिका, दहा मिनिटं.

आकडा चाळीसवर गेल्यापासून बाराव्या दिवशी तिकिटं फाडता फाडता शिवाजीराव दाराच्या चौकटीला टेकले आणि खाली घसरले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकत असणार. इतका थकवा येत होता, तर कुणी कळवलं कसं नाही?

बैल गेला अन् झोपा केला, तसा केंद्रात लगेच नवा नियम निघाला, पेशंट थकला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. अहवालही तयार झाला. नवशिक्या थेरपिस्टला लक्षण ओळखता आलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तो सहीला आला तेव्हा तुंगानं अवनीची वही उघडून ते पान प्रथमच नीट वाचलं. 'सुस्त होतंय' या वाक्याखाली तिची टिक होती, हिरवीगार, शेपूट वर उडवलेली.

वही घेऊन ती सरांकडे गेली. त्यांनी पान पाहिलं आणि वही परत मिटली. "वही काही केंद्राच्या कागदपत्रांत नाही. सुम्ने, उगाच कशाला काढता री? पोरगी नवी आहे, तिला लोक माफ करतात. तुमचं नाव गेलं तर ही सगळी पद्धतच बुडेल, नाही का, अल्वा?"

खरं सांगायचं तर तुंगाला ते पटलं. पूर्ण एक दिवस पटलेलं राहिलं. त्याची लाज तिला त्या हिरव्या टिकेहून जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी अवनी राजीनामा घेऊन आली. डोळे सुजलेले. "माझ्या हातून माणूस गेला, ताई. मी हे काम करायच्या लायकीची नाही."

"टिक माझी आहे, अवनी."

"माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाकडे बोलू? या गावात मला विचारायला तुम्ही एकट्याच होतात."

तुंगानं अहवालावर नवशिक्या हा शब्द खोडून आपलं नाव लिहिलं, वहीचं ते पान त्याला जोडलं. अवनी तरीही साताऱ्याला गेली; थेरपी सोडून भावाच्या दुकानात बसते म्हणे.

उरलं ते शिवाजीरावांचं घर. तुंगा वही घेऊन गेली. त्यांची मुलगी हरिणी शाळेत शिक्षिका, दिवसभर बाहेर. दारामागच्या पिशवीत फाडलेली तिकिटं अजून तशीच होती. तुंगा बोलायला तोंड उघडणार, तोच हरिणी म्हणाली, "त्या पोरीला सांगा, आमचा राग नाही म्हणून. अप्पांचा लई जीव होता तिच्यावर. मला एकदाच म्हणाले होते, स्वल्प सुस्त होतंय. मी म्हटलं, चला डॉक्टरांकडे. तर म्हणाले, कशाला गं? पुट्टी सगळं वहीत लिहिते, आणि तिची मोठी अक्का दर गुरुवारी ते बघते. काही असतं तर अक्का बोलली नसती का?"

तिनं डोळे पुसले. "कोण हो ती अक्का? तुम्हाला ठाऊक आहे?"

"मीच," तुंगा म्हणाली, आणि तिनं वही उघडून हरिणीपुढे ठेवली.